मोठ्या सेडानमधी आवाज काहून येऊन राहिला? आपल्या विदर्भातल्या रस्त्यांवर गाडी शांत अन् मऊ करायची सविस्तर पद्धत

पुण्या-मुंबईकडून दोन-चार वर्षं चाललेली ई-क्लास, फाइव्ह सिरीज, ए-सिक्स नायतर सुपर्ब असली मोठी सेडान घेऊन येणारे आपल्याकडं आता कमी राहिले नाहीत. जिनिंगवाले आहेत, सोयाबीन-तुरीचे व्यापारी आहेत, ठेकेदार अन् डॉक्टर लोकं तर आहेतच. तिकडं ट्रायल घेतली तेव्हा गाडी एकदम चूप, अन् इकडं आणली की समृद्धी महामार्गावर सारखी घूंऽऽ करते आणि गावच्या रस्त्याला लागली की एकेक खड्डा थेट कंबरेत. मग कोणीतरी सांगतो की भाऊ दरवाज्यात आवाज दाबणारी शीट मारून घ्या, माणूस नागपूर-अकोल्याला जाऊन चांगले पैसे घालून चारही दरवाजे पॅक करून येतो, अन् आवाज होता तिथंच.

माझं म्हणणं सरळ आहे, शीट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. आपल्या रस्त्यांवर आवाज आणि दणके या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं, टायर, त्यातली हवा, रिम, नायतर खालचे रबरी बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातली रबरं. म्हणून क्रम असा धरा की आधी जमिनीकडून सुरू करायचं, मग वर वर यायचं. उलटं गेलात तर पैसे जातात आणि खरं दुखणं झाकलं जातं.

पहिलं काम: आवाज कुठला ते ओळखा

आवाज तीन जातीचे असतात. एक जाड घुमणारा, जो कानापेक्षा छातीला जास्त लागतो, हा चाकाकडून सस्पेन्शनमधून बॉडीत चढतो आणि पत्रा थरथरला की आत घुमतो. दुसरा मधला, सारखा गुणगुणल्यासारखा, हा टायरच्या नक्षीचा, टायरच्या आतल्या हवेचा नायतर बेअरिंगचा. टायरच्या पोकळीतली हवा साधारण २०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच वाजते, रस्त्याच्या जोडावरून गेल्यावर टंग्ग असं जे ऐकू येतं ते तेच. तिसरा बारीक, सूंऽऽ करणारा, ८०-९० च्या वर गेल्यावर आरशाजवळ नायतर काचेच्या वरच्या कडेला येणारा, तो वाऱ्याचा.

आता हे वेगळं कसं करायचं, तर आपल्याकडं याच्यासाठी फुकटची प्रयोगशाळा आहे. समृद्धी काँक्रीटचा आहे आणि त्या काँक्रीटवर पकड राहावी म्हणून आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असतात, त्यामुळं टायर तिथं जास्त गातो. दुसरीकडं अमरावती-अकोला हा एनएच ५३ डांबरी आहे, २०२२ च्या जूनमधी १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज रेकॉर्ड झाला तोच पट्टा. मूर्तिजापूर-कारंजाकडच्या लोकांना तर दोन्ही रस्ते हाताशी आहेत. दोन्हीवर एकाच वेगानं, समजा ८० नं, गाडी चालवून पाहा, एसीचा पंखा बंद, गाणे बंद, काचा वर. डांबरावर आल्याबरोबर आवाज धाडकन कमी झाला तर दोष टायर आणि रस्त्याच्या जोडीचा आहे. दोन्हीकडं सारखाच राहिला तर वारा नायतर बेअरिंग पाहायचं. आणि गाडी उभी असताना रेस दिल्यावरही तसाच येत असेल तर इंजिनाकडचा, मग टायरवाल्याकडं जाऊन काही उपयोग नाही.

मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप टाकून घ्या, पण त्याचा आकडा खरा समजू नका, फक्त आधीचा अन् नंतरचा यांची तुलना करा. मोबाईल दरवेळी एकाच जागी ठेवायचा, रस्त्याचा तुकडा तोच, जायची दिशा तीच आणि शक्यतो हवा शांत असताना, सकाळी. १० डेसिबल कमी झाला तर कानाला आवाज निम्मा वाटतो, तीन डेसिबलचा फरक जाणवतो पण लय मोठा वाटत नाही, म्हणून कोणी शीटवाला मोठमोठे आकडे सांगत असेल तर त्याला म्हणा आधी मोजू, मग लावू. अजून एक, ही अ‍ॅपं बहुतेक 'ए' मोजणीवर चालतात आणि त्यात जाड घुमणारा आवाज फार कमी धरला जातो, त्यामुळं आकडा तोच राहूनही डोकं दुखायचं थांबलं असं होऊ शकतं. तेव्हा सोबत कानालाही विचारा.

टायर: अर्धी लढाई इथंच

टायरच्या बाजूच्या भिंतीवर डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात ते आधी वाचा. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. मोठ्या गाड्या शहरात कमी चालतात म्हणून नक्षी भरपूर दिसते, विकणाराही तेच दाखवतो, पण रबर वयानं कडक होतं आणि आपल्याकडं तर उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, चंद्रपूर-अकोल्याकडं तर विचारूच नका. कडक रबर म्हणजे जास्त आवाज, जास्त दणका आणि पावसात कमी पकड. सहा-सात वर्षांचा टायर असेल तर नक्षी किती का राहिली असेना, बदलायच्या यादीत टाका.

मग नक्षीवर तळहात फिरवा, पुढून मागं अन् मागून पुढं, आतल्या कडेलाही, कारण दोष तिथंच लपतो. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट्या दिशेनं करवतीसारखं खरखरीत लागलं तर टायर दातेरी झिजलाय. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे लागले तर शॉकअप नायतर बॅलन्सिंगची भानगड आहे. असा टायर बेअरिंग गेल्यासारखा हुबेहूब घूं घूं करतो, आणि लोकं बेअरिंग बदलून बसतात.

आता रनफ्लॅटचा विषय, आणि हा जरा नीट वाचा. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांना कंपनीकडूनच रनफ्लॅट येतात, मर्सिडीजच्याही काही मॉडेलांना. याची बाजूची भिंत मुद्दाम जाड आणि ताठ असते, म्हणून हवा गेली तरी साधारण ८० च्या वेगानं ८० किलोमीटरपर्यंत नेता येते. पण तीच ताठ भिंत रोज प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर पाठवते. साधा टायर घातला की पहिल्या स्पीडब्रेकरलाच फरक समजतो, हे ज्यांनी केलं ते सगळे सांगतात. पण बाप्पा, एक लक्षात ठेवा, अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते, डिक्कीत जागाही केलेली नसते. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरातून निघालेले खुट रस्त्याच्या कडेला असतात, रात्री बारा वाजता फाट्यावर पंक्चरवाला कुठून भेटणार. म्हणून साधे टायर घालणार असाल तर डिक्कीत पातळ स्टेपनी, जॅक, पाना बसवा, नायतर निदान हवा भरायचं मशीन आणि पंक्चरचं किट तरी ठेवाच, आणि हवेचं सेन्सर चालू आहे की नाही ते तपासा. हे सगळं करायचं नसेल तर रनफ्लॅटच राहू द्या, दणका परवडला.

दुसरी गोष्ट साईजची. शहरात दिसायला १९ इंची रिम भारी वाटतं, पण आपल्या गावात उंच भिंतीचा टायर पाहिजे. २४५/४० आर १९ मधी रबराची भिंत ९८ मिलिमीटर. तीच गाडी २२५/५५ आर १७ वर असेल तर भिंत जवळपास १२४ मिलिमीटर होते, आणि चाकाची एकूण उंची दोन्हीत ६७९ मिलिमीटरच्या आसपासच राहते, म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही, गाडीची उंचीही बदलत नाही. अडीच सेंटिमीटर जास्तीचं रबर आणि हवा मधी आली की दणकाही मऊ अन् रिमही वाचते. फक्त कंपनीनं तुमच्याच मॉडेलला मंजूर केलेला छोटा साईज असेल तरच जा, मोठ्या इंजिनाच्या गाडीत ब्रेकचं कॅलिपर १७ च्या रिममधी बसत नाही. लोड इंडेक्स (टायर किती वजन झेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेग झेलतो) मूळपेक्षा कमी घ्यायचं नाही, दुकानदार किती का समजावेना.

टायर घेताना टूरिंग जातीचा घ्या, म्हणजे मिशेलिनचा प्रायमसी, ब्रिजस्टोनचा तुरांझा या वळणाचा. पायलट स्पोर्ट, पोटेंझा असले स्पोर्टवाले वेगात वळणं घेणाऱ्यांसाठी आहेत, आपल्याला बैलगाडीच्या मागं तिसऱ्या गिअरवर जायचं असतं. युरोपच्या लेबलवर जो डेसिबलचा आकडा दिसतो तो टायर बाहेरून जाताना किती आवाज करतो त्याचा आहे, गाडीच्या आतला नाही, त्यावरून निर्णय घेऊ नका. आतून फोम चिकटवलेले टायरही मिळतात, त्या २०० हर्ट्झवाल्या टंग्ग आवाजावर ते खरंच काम करतात, पण पंक्चर काढताना तिथला फोम कापून आतून पॅच मारावा लागतो आणि आपल्याकडचा पंक्चरवाला तो फोम पाहून आधी हसतो मग बाहेरूनच दोरी घुसवतो. जवळ नीट काम करणारा असेल तरच घ्या.

हवा

ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर नायतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावर किती माणसं अन् किती सामान यानुसार वेगवेगळे आकडे दिलेले असतात. २.२ बार म्हणजे ३२ पीएसआय. पंपावरचा पोरगा सगळ्याच गाड्यांत ३८-४० मारून देतो, का तर मोठी गाडी आहे म्हणून, अन् मालक म्हणतो सस्पेन्शन कडक आहे.

हवा थंड टायरमधी मोजायची, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना, नायतर दोन-तीन किलोमीटरच्या आत. मे महिन्यात दुपारी मोजाल तर चार-पाच पीएसआय जास्तच दिसणार, ती काढून टाकायची नाही, कारण सकाळी टायर थंड झाला की हवा कमी भरते, आणि कमी हवेवर समृद्धीला १२० नं पळवणं म्हणजे टायर आतून तापवून फोडायची तयारी. आरामासाठी हवा स्टिकरच्या खाली नेऊ नका, कमी माणसांसाठी जो आकडा दिलाय तोच सगळ्यात मऊ आणि तिथंच थांबायचं. डिजिटल गेज स्वतःचं घ्या, फार महाग नसतं. नायट्रोजनबद्दल विचाराल तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, फायदा इतकाच की त्यात ओल नसते. फुकट भेटला तर घ्या, नाही भेटला तर मन खट्टू करू नका.

रिम, चिखल, बेअरिंग

ही गोष्ट बाहेरच्या लेखांत तुम्हाला सापडणार नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणलेली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते, वाळली की दगड होते, आणि ८० च्या वर स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोकं बॅलन्सिंग करून येतात, त्या चिखलासकट, मग चार दिवसांनी तुकडा गळून पडला की पुन्हा थरथर. म्हणून आधी चाक काढून रिम आतून धुवा, मगच बॅलन्सिंग. मशीनवर चाक फिरताना रिमची कड डुलते का ते स्वतः उभं राहून पाहा. किंचित वाकलेली रिम दाबून सरळ होते, पण तडा गेलेल्या रिमला वेल्डिंग मारलेली असेल तर ती भंगारात द्या.

बेअरिंगचा आवाज वेगासोबत चढत जातो आणि वळताना बदलतो. मोकळ्या रस्त्यावर हळूच उजवीकडं वळवा, वजन डाव्या चाकांवर जातं, तेव्हा घूं वाढला तर डावीकडचं बेअरिंग. डावीकडं वळवल्यावर वाढला तर उजवीकडचं. काहीच बदललं नाही तर परत टायरवर हात फिरवा.

कर्रर्र असा पत्र्याचा आवाज एकदम सुरू झाला तर ब्रेकच्या डिस्क आणि मागच्या पातळ पत्र्याच्या मधी गिट्टी अडकली असेल, नव्या रस्त्याच्या कामावरून गेलात की होतंच. थोडं मागं-पुढं केलं की बहुतेक वेळा पडते.

बुश, शॉकअप आणि मिस्त्रीवर लक्ष

आपले रस्ते लहरीसारखे काहून होतात, तर खाली काळी कापसाची जमीन आहे, पावसात फुगते अन् उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, वरचा रस्ता तिच्यासोबत वरखाली होतो. खड्डा नसला तरी गाडी सारखी झुलते, आणि त्या झुलण्यानं बुशांवर जो ताण येतो तो शहरातल्या गाडीला माहीतच नसतो. माणसाच्या अंगाला वरखाली होणारी ४ ते ८ हर्ट्झची थरथर सगळ्यात जास्त लागते. आता काँक्रीटच्या रस्त्यावर आडवे जोड साधारण साडेचार मीटरवर असतात, १०० च्या वेगाला सेकंदाला सहा जोड लागतात. म्हणजे जिथं जोड उंचसखल झालेत तिथं बरोबर त्याच पट्ट्यात दणके बसतात, आणि ते झेलायचं काम बुश आणि शॉकअपचं. त्यामुळं रस्ता चांगला असूनही मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची पाठ दुखली तर त्याला नाटकं समजू नका.

तपासायचं कसं. गाडी रॅम्पवर चढवा, मिस्त्रीला टॉमी (लोखंडी पहार) लावून चाकाला बॉडीशी जोडणारा एकेक आर्म हलवायला सांगा आणि बॅटरीच्या उजेडात स्वतः पाहा. रबराला भेगा, रबर धातूपासून सुटलेलं, ही साधी लक्षणं. पुढच्या लोअर आर्मला बऱ्याच जर्मन गाड्यांत तेल भरलेला बुश असतो, तो फुटला की आजूबाजूला तेलकट काळं दिसतं आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. आवाजावरूनही समजतं: हळू वेगात बारीक खड्ड्यांवर टक टक टक आला तर बहुतेक लिंक रॉड, ब्रेकरवर एकच जाड धप्प आला तर आर्मचा बुश नायतर शॉकअपचं वरचं माऊंटिंग, स्टिअरिंग फिरवताना कचकच आली तर बॉल जॉइंट नायतर वरचं बेअरिंग. लिंक रॉडपासून सुरुवात करा, स्वस्त भाग आहे आणि पुष्कळदा तोच असतो. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर बदला, आणि बदलताना पुढची जोडी नायतर मागची जोडी, एक कधीच नाही. लेमफोर्डर, सॅक्स, बिलस्टीन असले मूळ कंपन्यांना माल देणारे ब्रँड घ्या, पण डबा पाहून भुलू नका, नकली डबे भरपूर आहेत, बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे जवळपास कोणीच करत नाही. नवा बुश बसवताना त्याचा मोठा नट गाडी हवेत लटकलेली असताना शेवटचा आवळायचा नाही. चाक खाली लोंबत असताना आवळला की बुश त्या स्थितीत घट्ट होतो, गाडी जमिनीवर ठेवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी कडक वाटते आणि थोड्याच महिन्यांत बुश फाटतो. मग लोकं म्हणतात डुप्लिकेट माल दिला. नट सैल ठेवा, गाडी चाकांवर उतरवा नायतर खालून जॅकनं आर्म गाडीच्या नेहमीच्या उंचीपर्यंत उचला, मग टॉर्क रेंचनं आवळा. मिस्त्रीभाऊ नाक मुरडेल, मुरडू द्या, तिथून हलू नका. त्यानंतर अलाइनमेंट.

ग्राउंड क्लिअरन्ससाठी स्प्रिंगच्या वेटोळ्यात रबरी बफर घालून देतात ना, ते या गाड्यांत घालू नका. स्प्रिंगचं काम अडवून गाडी उंच ठेवली तर दणका बॉडीतच येणार, दुसरीकडं कुठं जाणार. ब्रेकरला पोट घासत असेल तर आधी थकलेल्या स्प्रिंगा मोजा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत डावी-उजवी सारखी आहे का ते पाहा.

एअर सस्पेन्शनवाली गाडी असेल तर रात्री उभी करा आणि सकाळी उंची पाहा. एखादा कोपरा बसला असेल तर तिथं हवा गळते, आणि ते तसंच ठेवलं तर कॉम्प्रेसर सारखा चालून जळतो, म्हणजे एका हवेच्या फुग्याच्या खर्चात कॉम्प्रेसरचा दुसरा मोठा खर्च. गाडी विकत घेतानाच ही तपासणी करा, घेतल्यावर नाही.

वारा आणि रबर

आपल्याकडं धूळ आहे हे इथं कामाला येतं. धुळीच्या रस्त्यावरून आल्यावर दरवाजे उघडा आणि चौकटीच्या आतल्या बाजूला पाहा, जिथं धुळीची रेघ आत घुसलेली दिसते तिथं रबर बसत नाही, अन् वाऱ्याचा आवाजही तिथूनच. मग दहाची नोट रबरात धरून दरवाजा लावा अन् ओढा, थोडा जोर लागून निघाली पाहिजे, अलगद सुटली तर दाब कमी आहे. अशी चारी दरवाज्यांना हात-हातभर अंतरावर करत जा.

रबर ओल्या फडक्यानं पुसा, सुकवा, मग सिलिकॉनचा स्प्रे नायतर सिलिकॉन ग्रीस बोटानं पातळ लावा. खोबरेल तेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस लावू नका, त्यानं रबर फुगतं आणि वर धूळ चिकटते. रबर दबून सपाट झालं असेल तर बदलायचं, ताणून चिकटवायचं नाही. कधी दरवाज्याची कडी किंचित आत सरकवली तरी भागतं, पण आधी पेननं तिची मूळ जागा आखून ठेवा.

तरी सूंऽऽ जात नसेल तर कागदी मास्किंग टेप आणा. आरशाचा बुड, काचेच्या कडा, दरवाज्याची फट, सनरूफची कड, सगळीकडं बाहेरून टेप मारा आणि चालवा. आवाज गेला तर एकेक जागची टेप काढत परत चालवा, ज्या जागची काढल्यावर आवाज परत आला तीच जागा. सोबत एक माणूस घ्या, टेप गाडी रस्त्याच्या खाली घेऊनच काढा, आणि हे समृद्धीवर करायचं काम नाही.

समोरची काच कधी बदललीय का ते विचारा. या गाड्यांत बरेचदा मधी आवाज अडवणारा थर असलेली काच येते, कोपऱ्यातल्या छाप्यात अकौस्टिक लिहिलेलं असतं नायतर कानाचं चिन्ह असतं. डंपरच्या गिट्टीनं काच फुटली आणि विम्यात साधी बसवली असेल तर वाऱ्याचा आवाज वाढतो, शीट मारून तो जात नाही. पुढच्या वेळी विमावाल्याला आधीच सांगून ठेवा.

किरकोळ खडखड

यात लय डोकं लावू नका. मागची नंबरप्लेट डिक्कीच्या पत्र्यावर वाजते, तिच्या मागं फोमची टेप लावा. जॅक-पाना कपड्यात गुंडाळा. मागच्या सीटच्या बेल्टची कडी, चष्म्याचा डबा, डिक्कीतल्या बाटल्या पाहा. खाली पोटाचं प्लास्टिकचं कव्हर ब्रेकरला घासून त्याच्या क्लिपा तुटतात आणि ८० च्या वर ते फडफडतं, हे मात्र नक्की तपासा, आवाज इंजिनातून येतोय असंच वाटतं. डॅशबोर्डची किरकिर दुपारी असते अन् सकाळी नसते, प्लास्टिक तापून फुगतं म्हणून, तिथं दोन तुकड्यांच्या मधी कापडी टेप. आणि बॉनेट उघडून आतलं फोमचं पांघरूण उंदरांनी कुरतडलंय का ते पाहा, गोदामाजवळ गाडी लावणाऱ्यांचं तर अर्धं गेलेलंच असतं, ते नवं टाकलं की इंजिनाचा आवाज आपोआप दबतो.

ऑटोमॅटिक डिझेल गाडी सिग्नलला डी मधी ब्रेक दाबून उभी असताना सीट थरथरत असेल आणि एन मधी टाकल्यावर थांबत असेल तर इंजिन माऊंटिंग बसलंय.

आता शीट, लावायचीच असेल तर

वरचं सगळं झालं, मोजलं, अन् तरी जाड घूम उरला तर शीट. पण आधीच सांगतो, छोट्या गाडीत जेवढा फरक पडतो तेवढा इथं पडणार नाही, कारण कंपनीनं आधीच बरंच काही लावलेलं असतं.

ब्युटाइलची, वर अ‍ॅल्युमिनियम असलेली घ्या. डांबराची स्वस्त शीट आपल्या उन्हात मऊ पडते, वास मारते, दरवाज्यात घसरून खाली येते. दोन मिलिमीटरची शीट चौरस मीटरला साधारण तीन-चार किलो भरते, म्हणजे सगळीकडं थापत सुटलात तर मागच्या सीटवर एक पोरगं कायमचं बसवल्यासारखं वजन वाढतं. गरजही नसते. शीटचं काम पत्र्याची थरथर मारायचं, त्यासाठी पत्र्याच्या मधल्या मोकळ्या भागावर पाव ते अर्धा भाग झाकला की पुरतं. बोटानं टकटक करा, टणटण वाजतो तिथं लावा, ठप्प वाजतो तिथं सोडा.

सेडानमधी सुरुवात डिक्कीपासून करा, स्टेपनीचा खड्डा आणि मागच्या चाकांच्या वरच्या कमानी, कारण मागच्या चाकांचा आवाज तिथून सीटच्या मागून आत येतो. मग पुढच्या चाकांच्या कमानी, आणि दरवाजे त्यानंतर. चाकाच्या कमानीतलं लायनर फाटलं असेल तर आधी ते बदला, कापडी जातीचं मिळालं तर उत्तम, गिट्टीचा तडतड आवाज त्यानंच कमी होतो. तळाचं कार्पेट उचलायचं काम शक्यतो टाळा, सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात, आणि करायचंच असेल तर बॅटरी काढून, माहीतगार माणसाकडूनच.

दरवाज्यात तीन गोष्टी पाळा. तळाशी पाणी जायची भोकं असतात ती बुजवायची नाहीत, नाहीतर पहिल्याच पावसात दरवाज्यात पाणी डुचमळतं आणि पत्रा आतून सडतो. आतला प्लास्टिक नायतर फोमचा पडदा काढला तर तो तसाच हवाबंद परत चिकटवायचा, काही गाड्यांत धडक ओळखणारं सेन्सर दरवाज्यातल्या हवेच्या दाबावर चालतं. आणि काच पूर्ण खाली-वर करून पाहिल्याशिवाय ट्रिम, म्हणजे दरवाज्याचं आतलं कव्हर, बसवू द्यायचं नाही. पत्रा आधी अल्कोहोलनं पुसायचा, शीट लावल्यावर रोलरनं दाबायची, बुडबुडे राहिले तर तिथं काम करत नाही. हे सगळं सकाळी सावलीत करा, मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावून दाखवा मग बोलू.

काम झाल्यावर ट्रिमच्या तुटलेल्या क्लिपा नव्या टाकून घ्या, त्यांचा हिशोब आधीच करून ठेवा, नाहीतर शांत करायला नेलेली गाडी खडखड करत घरी येते.

चालवणाऱ्याच्या हातात काय आहे

गाडीत कम्फर्ट मोड असेल तर तो लावा, स्पोर्ट मधी ठेवून कडक आहे म्हणणारे पाहिले आहेत. ब्रेकर आधी दिसला की त्याच्या अलीकडं ब्रेक मारा आणि चढताना सोडा. ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक खाली बसतं, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते, मग ब्रेकरचा दणका घ्यायला तिच्याकडं जागाच उरत नाही, अन् पोटही घासतं. ब्रेकर तिरपा घ्यायची सवय लांब गाडीत पोट वाचवायला बरी, पण त्यानं मागं बसलेला डावा-उजवा झुलतो, गरज असेल तिथंच घ्या.

मागं वडीलधारे बसत असतील तर त्यांना दरवाज्याला चिकटून बसवू नका, थोडं आत, चाकाच्या कमानीपासून दूर. मागच्या सीटवर चांगली गादी टाकून देतात लोकं, तिनं उलट अंग जास्त उसळतं, सीटच्या फोमवरच बसू द्या अन् कंबरेमागं एक छोटी उशी द्या.

पावसाळा संपला की एकदा, साधारण दसऱ्याच्या आसपास, रिम आतून धुणे, बॅलन्सिंग, बुशांवर एक नजर, सनरूफच्या पाण्याच्या नळ्या साफ, आणि केबिन फिल्टर बदल, कारण त्यानंतर कापूस वेचणी सुरू होते आणि त्याची बारीक तूस फिल्टरमधी भरली की एसीचा पंखाच इतका घरघरतो की बाकीचे आवाज ऐकू येत नाहीत.